विरजण भरपूर, दूध कमी

फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यातला विटांचा हौद पाल्याने भरतो. पिंपळ, बहावा, गुलमोहर, आंबा, जे अंगणात असेल ते त्यात जातं. कुणीतरी सांगतं म्हणून त्यावर शेणकाला ओतला जातो, उरलेलं आंबट ताक जातं, गुळाचं पाणी जातं, बाजारातून आणलेल्या कल्चरची पुडीही जाते. मग सगळे वाट बघतात. पाऊस तोंडावर आला की हौद उकरला जातो आणि निराशा होते.

वरची चार बोटं पानं कुरकुरीतच असतात. वीतभर खाली गेलं की ती ओलसर, तपकिरी लागतात, पण पिंपळाच्या पानाची शीर न् शीर अजून ओळखू येते. बहाव्याची शेंग जशी पडली तशीच. मूठभर पाला उचलून गालाजवळ नेला तर ऊब नाही, नाकाजवळ नेला तर पहिल्या पावसातल्या मातीचा वास नाही, जुन्या गोणपाटाचा वास. मधे कुठेतरी बुरशीचे पांढरे धागे. चार महिन्यांत ढीग थोडा खचला, एवढाच काय तो बदल.

अशा ढिगाला बहुतेक वेळा जिवाणू कमी पडलेले नसतात. झाडावरून पडलेल्या पानावर, चिमूटभर मातीत, हवेत ते मुबलक असतात. त्यांना खायला मिळत नसतं, आणि त्यातही एकच गोष्ट मिळत नसते: नत्र. पाण्याला कितीही विरजण लावलं तरी दही लागत नाही. शेणकाला, ताक आणि कल्चर हे विरजण आहे. दूध म्हणजे नत्र, आणि ते वेगळं घालावं लागतं.

जिवाणूंचं पोट आपल्यापेक्षा फार वेगळं नाही. नुसत्या भातावर पोर अंग धरत नाही, सोबत डाळ लागते. पाल्यातला कर्ब हा त्यांचा भात: शक्ती देणारा, जळणारा. नत्र ही डाळ, कारण प्रथिनं त्यातूनच बनतात. जिवाणूच्या शरीरात नत्राच्या एका भागाला साधारण आठ ते दहा भाग कर्ब असतो. शिवाय खाल्लेल्या कर्बापैकी सुमारे दोन तृतीयांश तो जाळून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सोडून देतो. हा हिशेब मांडला की कंपोस्टच्या पुस्तकांत भेटणारा आकडा निघतो: एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब. एवढं असलं की काम झपाट्याने चालतं. कर्ब फार झाला तर जिवाणूंची संख्याच वाढत नाही. नत्र फार झालं तर जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, आणि त्याचा झणझणीत वास शेजाऱ्यांपर्यंत पोचतो.

आता आपल्याकडचे पदार्थ या मापाने बघू. वाळलेल्या पानांचं कर्ब-नत्र गुणोत्तर झाडानुसार ४० ते ८० असतं. पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा तर शेकड्यांत जातात. उलट बाजूला भाजीची देठं-सालं १२ ते २०, ताजं गवत १५ ते २०, चहाचा चोथाही त्याच पट्ट्यात. कोंबडीखत दहाच्या आसपास, शेंगदाणा पेंड सातच्या आसपास. गोमूत्रात आणि युरियात तर कर्ब जवळजवळ नाहीच. शेण मधे बसतं, २० ते २५ वर. शेणाची ही मधली जागा पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवायची.

समजा हौदात दहा किलो कोरडा पाला आहे. हलक्या हाताने भरलेली दोन मोठी पोती म्हणा. त्यात कर्ब साधारण ४.८ किलो, आणि गुणोत्तर ६० धरलं तर नत्र ८० ग्रॅम. ते ३० वर आणायचं तर नत्र १६० ग्रॅम हवं, म्हणजे आणखी ८० ग्रॅम. मात्र जो पदार्थ आपण घालतो तो स्वतःचा कर्बही घेऊन येतो, आणि त्या कर्बालाही नत्र लागतं. ते वजा करून जे उरेल तेवढंच पाल्याच्या कामाचं.

या कसोटीवर शेण उतरवलं की घराघरांतली समजूत हलते. ताज्या शेणात ८० टक्के पाणी आणि किलोमागे तीन-चार ग्रॅम नत्र. त्यातलं बहुतेक त्याच्याच कर्बाच्या वाट्याला जातं, आणि पाल्यासाठी जेमतेम एखादा ग्रॅम शिल्लक राहतो. म्हणजे ८० ग्रॅमची तूट भरायला शेण लागेल साठ ते ऐंशी किलो. बादलीभर शेणकाल्याने दहा किलो पाल्याची भूक का भागत नाही, याचं उत्तर इथे आहे. शेण टाकाऊ आहे असं मुळीच नाही. ते उत्तम विरजण आहे, ओल धरतं, पानाला चिकटून बसतं. पण त्याच्याकडून नत्राची अपेक्षा धरणं हा त्याच्यावरच अन्याय आहे.

गूळ हा शुद्ध कर्ब आहे. नत्राची टंचाई असलेल्या ढिगावर गूळपाणी शिंपडणं म्हणजे नुसत्या भातावर आणखी भात वाढणं. जिवाणू दोन दिवस चेकाळतात आणि पुन्हा थंडावतात. पाणी घालून पातळ केलेल्या ताकात नत्र असतं, पण ग्रॅमांत मोजावं इतपतच. जीवामृताचा प्रश्न अनेक वाचकांना पडेल. २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन, ही त्याची प्रचलित कृती. त्यातलं सगळं नत्र जमेस धरलं तरी लिटरमागे ग्रॅमभराच्या आतबाहेर येतं. शेतातल्या मातीत ते काय करतं हा वेगळा विषय, पण कोरड्या पाल्याच्या ढिगाला त्याच्या एका बादलीतून दहा ग्रॅमपेक्षा जास्त मिळणार नाही.

हे गणित आजचं नाही. १९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी कापसाच्या पऱ्हाट्या, तण, उसाचं पाचट अशा शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची पद्धत बसवली, आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेलं. १९३१ साली ऑक्सफर्डने छापलेल्या त्यांच्या पुस्तकावर दुसरं नाव आहे ते यशवंत वाड यांचं. ते त्याच संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. हॉवर्डचं नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक लेखात येतं, वाडांचं क्वचितच. मराठी वाचकाने तरी ते लक्षात ठेवावं.

त्या पद्धतीतली एक बारीक गोष्ट आजच्या हौदालाही लागू पडते. इंदूरच्या ढिगात शेण होतंच, पण त्याच्या जोडीला गोठ्यातली मुतारलेली माती होती. गोठ्याच्या जमिनीवर मातीचा थर ठेवायचा, गुरांचं मूत्र त्यात मुरू द्यायचं, काही महिन्यांनी तो थर खणून ढिगात घालायचा आणि जागेवर नवी माती पसरायची. गुरांनी खाल्लेल्या चाऱ्यातलं नत्र मोठ्या प्रमाणात मूत्रातून बाहेर पडतं, आणि दगडी फरशीच्या गोठ्यातून ते गटारात जातं. इंदुरात ते मातीत पकडलं जाई. आपण पद्धत उचलताना शेण उचललं आणि ती माती विसरलो.

म्हणून ज्यांना गोठा जवळ आहे त्यांनी शेणाच्या आधी गोमूत्र मागावं. त्यात साधारण एक टक्का नत्र असतं, म्हणजे आपल्या दहा किलो पाल्याला आठ-दहा लिटर पुरतं. झाकणाच्या कॅनमध्ये ठेवावं, कारण उघड्यावर राहिलं की त्यातलं नत्र अमोनिया होऊन दोन-चार दिवसांतच उडू लागतं. दुप्पट पाण्यात मिसळून झारीने थराथरावर द्यावं. ज्यांच्याकडे गावी मोठी बाग आहे आणि मनात संकोच नाही, त्यांच्यासाठी माणसाचं मूत्रही याच कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली शेतीतल्या त्याच्या सुरक्षित वापराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. प्रौढ माणसाच्या एका दिवसाच्या मूत्रात आहारानुसार पाच ते दहा ग्रॅम नत्र असतं. घरात कुणाला अँटिबायोटिक्स चालू असतील तर मात्र त्यांचं घेऊ नये, आणि फ्लॅटच्या गॅलरीतल्या ढिगाला हा उपाय नकोच.

शहरात सगळ्यात सोयीची वस्तू पेंड. शेंगदाणा पेंडीत सुमारे सात टक्के नत्र असतं. तिचा स्वतःचा कर्ब वजा करूनही दहा किलो पाल्याला दीड किलो पुरते. निंबोळी पेंड याच्या दुप्पट घ्यावी. तिचं नत्र सावकाश सुटतं, पण मुंग्या-झुरळांचा त्रास कमी होतो. पेंड बादलीत भिजत ठेवून ते पाणी ओतण्याची पद्धत आहे, पण दुसऱ्याच दिवशी त्या बादलीला जो वास सुटतो तो सोसायटीत सोसवत नाही. त्यापेक्षा पेंड कुटून कोरडीच थरांवर भुरभुरावी, वर लगेच ओला पाला घालावा. पेंड पृष्ठभागावर राहिली तर उंदीर-घुशी आल्याच.

कोंबडीखत चार-पाच किलो. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या शेणापेक्षा सरस, पण कोरड्या लेंडीला पाणी शिरत नाही. त्या फोडून घ्याव्यात. कोकणात मासळी साफ केलेलं पाणी आणि टाकाऊ भाग माडाच्या किंवा कढीपत्त्याच्या बुंध्याशी जातो, तो ढिगालाही मानवतो. मात्र ढिगाच्या पोटात, चारी बाजूंनी हातभर कोरडा पाला राहील असा पुरायचा, नाहीतर रात्री मांजरं आणि कुत्री सगळं उकरून काढतात. सलूनमधले केस हे नत्राचं भांडारच, वजनाच्या चौदा-पंधरा टक्के. पण केस कुजायला महिनोन् महिने घेतात, म्हणून मूठ-दोन मूठ विखरून घालावेत. गुठळी पडली तर वर्षाने तशीच सापडते.

युरियाचं काय? पावणेदोनशे ग्रॅम युरिया दहा किलो पाल्याची तूट भरून काढतो, हे खरं आहे. सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असणाऱ्यांना तो चालत नाही. घरच्या फुलझाडांसाठी, तुंबलेल्या पाल्याचा ढीग एकदाचा हलवायला तो वापरला तर त्यात काही पाप नाही. जिवाणू त्याचं प्रथिन करतात आणि खतात तो युरिया म्हणून उरत नाही. मात्र एकाच वेळी ओतायचा नाही. अर्धा सुरुवातीला, अर्धा पहिल्यांदा ढीग उलथताना, आणि दोन्ही वेळा बादलीभर पाण्यात विरघळवून. हाताशी पेंड किंवा गोमूत्र असेल तर या लेखाची शिफारस त्यांनाच आहे, कारण त्यांच्यासोबत स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यंही येतात.

आणि हिरवा पाला. गिरिपुष्पाची पानं, शेवग्याचा छाटलेला डगळा, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने फुटणारा टाकळा, गणपती-नवरात्रातलं निर्माल्य. झेंडू आणि दूर्वा दोन्ही लवकर कुजतात, फक्त हारातले दोरे आणि चमकी काढून घ्यावी लागते. ओल्या पाल्यात पाणी जास्त, म्हणून वजन जास्त लागतं. गिरिपुष्पाची ताजी पानं कोरड्या पाल्याच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट. स्वयंपाकघरातली भाजी-फळांची सालं चौपट. आकडा मोठा वाटतो, पण घनफळात पाहिलं तर कोरड्या पाल्याच्या दोन-अडीच टोपल्यांना भाजीच्या कचऱ्याची एक टोपली. जुन्या जाणत्या माळीमंडळींचं ‘दोन सुक्या, एक ओली’ हे माप इथेच येऊन मिळतं. टाकळा आणि गाजरगवत फुलावर येण्याआधीच घ्यावं. गाजरगवताने अनेकांना अंगावर खाज उठते, तेव्हा हातमोजे घालावेत.

एवढं सगळं करण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या, नाहीतर पेंडीचे पैसे वाया जातील. पहिली ओल. मूठभर पाला घट्ट पिळला की बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. थेंब नाही आला तर ढीग तहानलेला आहे, आणि आत मुंग्यांचं वारूळ असेल तर नक्कीच तहानलेला. आंबा, फणस, वडाची पानं मेणचट असतात, वरून पाइपाने कितीही पाणी मारलं तरी घसरून जातं. ती रात्रभर पिंपात भिजवावी किंवा पायाखाली तुडवून, कोयत्याने तोडून घालावी. दुसरी गोष्ट ढिगाचा आकार. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून तीन फूट असेल तरच आतली ऊब आत राहते. गॅलरीतली बादली तापणार नाही. तिथे खत होतं, पण सावकाश, आणि तसं होणं हा दोष नाही.

मग एका दिवशी ढीग पूर्ण बाहेर काढायचा. खाली काटक्यांचा थर, त्यावर वीतभर भिजवलेला पाला, त्यावर पेंड किंवा गोमूत्र, त्यावर मूठ-दोन मूठ जुनं खत किंवा शेणकाला, आणि हाच क्रम वरपर्यंत. विरजण आता कामाला येईल, कारण आता दूध आहे. एक लोखंडी सळई मधोमध खुपसून ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती उपसून हातात धरली तर चटका बसावा. चांगला ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, आणि ५५ च्या वर तीन दिवस राहिला की रोगजंतू आणि तणांचं बरंचसं बी मरतं. सळई कोमट झाली की ढीग उलथायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. पहिल्या पंधरवड्यात तो दिसण्याइतका बसतो. सळई चार दिवसांनीही गार निघाली, आणि ओल व आकार ठीक असेल, तर पेंडीचा आणखी अर्धा हप्ता द्यायचा.

उलट, ढीग उघडताच डोळ्यांत झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झालं आहे आणि हवेत जात आहे. त्यावर कोरडा पाला, फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा मिसळायचा. सडक्या अंड्याचा वास निराळा. तो हवा कोंडल्याचा, त्याला उलथणं हाच उपाय. चुलीची राख हा ढिगातला नेहमीचा पाहुणा, पण पेंड, मूत्र किंवा युरिया घातलेल्या ताज्या ढिगात ती नको. राखेच्या क्षारामुळे अमोनिया सुटतो आणि मेहनतीने घातलेलं नत्र निसटतं. राख खत तयार झाल्यावर, झाडांना देताना मिसळावी.

गॅलरीत रोजचा ओला कचरा जिरवणाऱ्यांची अडचण बहुधा नेमकी उलटी असते. त्यांच्या बादलीत नत्र आणि पाणी दोन्ही मुळातच भरपूर असतं, कमी पडतो तो सुका पाला. त्यांनी पेंडीच्या वाटेला जाऊच नये. गांडूळखत करणाऱ्यांनी तर युरिया, मूत्र आणि ताजं कोंबडीखत यांना हातही लावू नये. अमोनिया गांडुळांना सोसत नाही, एका रात्रीत ती वर येऊन मरतात.

तीन-चार महिन्यांनी खत काळसर, भुसभुशीत आणि गार झालं की मेथीचे पंचवीस-तीस दाणे त्यात पेरून बघावेत. चार-पाच दिवसांत सगळे नीट उगवून हिरवे राहिले तर खत तयार. कोंब पिवळे पडले तर त्यात अजून कर्ब शिल्लक आहे आणि जिवाणू मेथीच्या वाटचं नत्र ओढून घेत आहेत. असं अर्धकच्चं खत गुलाबाला किंवा तुळशीला दिलं की तीही पिवळी पडतात, आणि दोष उगाच उन्हाला किंवा पाण्याला दिला जातो. खत महिनाभर झाकून आणखी मुरू द्यावं.

महाराष्ट्रातल्या हवामानाची एक गैरसोय अशी, की सुका पाला आणि ओला पाला एकमेकांना भेटत नाहीत. मार्चमध्ये पानांचे ढीग, पण हिरवं काही नाही. जुलैमध्ये टाकळा गुडघ्यापर्यंत, पण कोरडं पान औषधाला नाही. म्हणून पानगळीत सगळा पाला एकदम हौदात न भरता निम्मा पोत्यांत दाबून, तोंडं शिवून, पाऊस लागणार नाही अशा जागी रचून ठेवावा. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो जाळायला तशीही बंदी आहे. हौदातल्या निम्म्याला पेंड द्यावी. पावसाळ्यात त्या हौदावर ताडपत्री हवी, कारण खालून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यातून नत्रच वाहून जातं. ते पाणी साचलं तर परत ढिगावर ओतावं. आणि आषाढात टाकळा फुलायच्या आत कापून आणला की पोत्यांची तोंडं उसवायची.